प्लॉटचा इसार, गावच्या महालक्ष्म्या आणि शेजारचं विरजण

मावशी, नमस्कार.

मी जिंतूर तालुक्यातला. वय ३२. सात वर्षांपासून छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला कंपनीत आहे. पहिली पाच वर्षं ठेकेदाराकडं होतो, दोन वर्षांपूर्वी परमनंट झालो. हातात २६ हजार पडतात. रांजणगाव शेणपुंजीत दोन खोल्या घेतल्यात, भाडं साडेचार हजार. बायको घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. मुलगी पाच वर्षांची आहे, पुढच्या जूनला पहिलीत जाईल. गावी माय आणि अण्णा असतात. चार एकर कोरडवाहू आहे, अण्णांच्या नावावर. एक बहीण, मंठ्याला दिली.

गावाकडचाच एक ओळखीचा माणूस इथं प्लॉट दाखवतोय. सहाशे फूट, सात लाख, बॉन्डवर, म्हणजे स्टॅम्पपेपरवर नोटरी करून. पन्नास हजार इसार दिला तर धरून ठेवतो म्हणतो. गावची एक एकर विकली तर भागतं. अण्णा म्हणतात, कंपनी आज आहे उद्या नाही, गावातच स्लॅबचं घर बांध. बायको म्हणते, इथंच राहायचं तर या वर्षी महालक्ष्म्या इथंच बसवू. मायला ते कळलं तर तिनं दोन दिवस फोन उचलला नाही. मी दर सुट्टीला गावी जातो, पण तिथं आता पाहुण्यासारखं वाटतं, आणि इथं मला कुणी ओळखत नाही. मी नेमका कुठला तेच कळेना. प्लॉट घेऊ का?

– एक जिंतूरकर, रांजणगाव

*

लेका, प्लॉट घेऊ नकोस.

इसार दिला नसशील तर देऊ नकोस. दिला असशील तर पुढचा पैसा थांबव आणि पावती जपून ठेव. बाकीचं सगळं मी सावकाश सांगणार आहे, पण हे आधी लिहिलं, कारण माझं उत्तर येईपर्यंत तू थांबशील की नाही याचीच मला धास्ती आहे.

बॉन्डवर का नको, ते आमच्याच घरचं सांगते. १९९८ साली आम्ही असाच प्लॉट घेतला होता. विकणारा आमच्याच तालुक्यातला, घरी येऊन दोनदा जेवून गेलेला. शंभराच्या बॉन्डवर लिहून घेतलं, नोटरीचा शिक्का मारला, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. ह्यांनी सोसायटीतून कर्ज काढलं होतं आणि मी पाटल्या मोडल्या होत्या. दोन वर्षांनी तारेचं कुंपण घालायला गेलो तर तिथं दुसऱ्याच कुणाचं जोतं वर आलेलं. त्या माणसाकडंही बॉन्ड होता. पुढं कळलं, तिसऱ्याही एकाकडं होता. पैसा गेला तो गेलाच. ह्यांच्या मनाला लागून राहिलं ते वेगळंच. फसवणारा आपल्या बोलीत बोलत होता, ‘काय की बाप्पा’ म्हणत होता. परमुलखात आपल्याकडची बोली कानावर पडली की आपण सैल होतो. तुझ्या पत्रात ‘गावाकडचाच ओळखीचा’ हे शब्द वाचले आणि माझ्या पोटात गोळा आला.

आता कायद्याचं. शंभर रुपयांच्या वरच्या किमतीची जागा विकायची तर खरेदीखत दुय्यम निबंधकाकडं नोंदवावंच लागतं. १९०८ च्या नोंदणी कायद्यापासून हे असंच आहे. बॉन्डवर नोटरी केली म्हणजे अमक्यानं तमक्या दिवशी सही केली, एवढंच ठरतं. सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचंच राहतं, आणि उद्या त्याची मुलं, त्याच्या बहिणी, भाऊबंद, कुणीही येऊन उभं राहू शकतं. गुंठाच १०८९ चौरस फुटांचा असतो. तुझे सहाशे फूट म्हणजे धड एक गुंठाही नाही. असे तुकडे पाडून विकायला तुकडेबंदीचा कायदा वर्षानुवर्षं आडवा येत आला, म्हणून तर खरेदीखत व्हायचं नाही आणि बॉन्डवर काम भागवायचे. तो माणूस तुला म्हणेल, ‘गुंठेवारीत होऊन जाईल, काळजी करू नको.’ गुंठेवारी नियमित करायचा कायदा २००१ सालचा. २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवली तीसुद्धा ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी. नांगरटीवर आत्ता चुन्याच्या रेघा मारून पाडलेला प्लॉट त्यात कसा बसणार? आणि बॉन्डवरच्या प्लॉटला बँक कर्ज देत नाही. बँक नाही म्हणते म्हणून तुला एक एकर विकावी लागते आहे, हे तुझ्या लक्षात आलं का?

त्या एक एकराबद्दलही बोलते. ती अण्णांच्या नावावर आहे. वडिलोपार्जित असेल तर तुझ्या बहिणीचा तिच्यात तुझ्याइतकाच हक्क आहे, २००५ पासून कायद्यानं तो पक्का झाला. पत्रात तू बहिणीला एका ओळीत मंठ्याला देऊन टाकलंस. तिला विचारलंस का? मला वाटतं, नाही विचारलं. आणखी एक. शेतकरी नसलेल्या माणसाला आपल्याकडं शेतजमीन विकत घेता येत नाही. मराठवाड्यात तर हैदराबाद संस्थानच्या काळानंतरचा १९५० चा कूळकायदा अजून लागू आहे. आज एक एकर गेली, उद्या दवाखान्यात एक गेली, परवा लग्नात दोन गेल्या, की तुझ्या मुलीच्या पिढीला ती वाट परत उघडत नाही. कोरडवाहू चार एकरात काही पिकत नाही हे मला ठाऊक आहे. सोयाबीन पदरात पडेपर्यंत भाव पडलेला असतो. तरीही ती विकून बॉन्ड घ्यायचा, याला मी हो म्हणणार नाही.

अण्णांविषयी तू जरा वैतागून लिहिलं आहेस. त्यांचं वय तू सांगितलं नाहीस, पण साठी उलटलेली असणार. म्हणजे १९७२ च्या दुष्काळात ते पोरगेले होते. आमच्या पिढीला तो दुष्काळ सांगावा लागत नाही. खडी फोडायला बापाबरोबर गेलेली पोरं आम्ही बघितलीत. सुकडीच्या रांगा, मिलोच्या लालभडक भाकरी, विकलेली जनावरं. माणसं गाव सोडून गेली आणि काही परत आलीच नाहीत. त्या काळात घरातलं सगळं विकलं गेलं तरी एक जमीन तेवढी जागच्या जागी राहिली. पुढं पाऊस पडला, आणि तिनंच परत खायला घातलं. म्हणून ‘कंपनी आज आहे उद्या नाही’ असं ते म्हणतात तेव्हा ते तुझ्या नोकरीला नाव ठेवत नसतात. त्यांना तुझ्या पायाखाली काहीतरी असलेलं हवं आहे. तू पाच वर्षं ठेकेदाराकडं काढलीस. दर काही महिन्यांनी ब्रेक देऊन घरी बसवलेली पोरं तूही पाहिली असशील. अण्णांचा मुद्दा चूक नाही.

पण त्यांचा उपाय मला पटत नाही. गावात स्लॅबचं घर बांधशील, आणि त्यात राहणार कोण? मराठवाड्यात कुठल्याही गावात जा, पुण्या-मुंबईच्या पगारावर बांधलेली चांगली रंगवलेली घरं कुलूपबंद दिसतात, आणि त्यांच्या शेजारच्या जुन्या माळवदात म्हातारी माणसं राहत असतात. माय-अण्णांना आज काय लागतं ते बघ. पत्रे गळत असतील तर बदल. संडास-न्हाणी घराला लागून आहे का? रात्री मायला अंधारात अंगण ओलांडून जावं लागत असेल तर आधी ते कर, पायरीला धरायला लोखंडी नळी बसव. लाख-दीड लाखात होईल, आणि अण्णांना वाटेल की पोरानं गावात काहीतरी केलं. खरंच केलेलं असेल.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडं येते. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. प्लॉटवर तू चार वाक्यं लिहिलीस, बायकोवर दोन. पण त्या दोनातून मला जे दिसलं ते तुला दिसलेलं नाही. ती ब्लाउज शिवते म्हणजे गल्लीतल्या बायका तिच्याकडं येतात. कुणाची मुलगी कधी बाळंत होणार, कुणाचा नवरा रात्रपाळीला असतो, कुणाच्या घरी पाणी भरायला मोटर आहे, हे सगळं तिला माहीत असतं. तिचं नाव घेऊन हाक मारणारी दहा घरं तरी त्या गल्लीत असतील. ती तिथली झाली आहे, लेका. तू तेवढा राहिलास. तू कंपनीत जातोस, येतोस, झोपतोस, आणि सुट्टी आली की जालना-मंठा करत जिंतूरची गाडी धरतोस. सात वर्षं तू रांजणगावात मुक्काम केलास. मग तुला तिथं कोण ओळखणार?

हे मी दोष द्यायला म्हणत नाही. मी स्वतः अकरा वर्षं असंच केलं, आणि ती वर्षं मला परत मिळाली नाहीत. १९८९ ला लग्न होऊन इथं आले तेव्हा हे चिकलठाण्याला कामाला होते. आम्ही मूळचे औसा तालुक्यातले. दोघांचं ठरलेलं होतं की चार पैसे साठले की गावी जायचं. त्यामुळं भिंतीला खिळा ठोकायचा नाही, झाड लावायचं नाही, चांगली पितळेची भांडी पेटीतून काढायची नाहीत. ती पेटी अकरा वर्षं तशीच राहिली. शेजारच्या बाईनं एकदा हळदी-कुंकवाला बोलावलं तर मी गेले नाही. वाटलं, कशाला ओळखी वाढवायच्या, आपल्याला कुठं इथं राहायचंय. माझी मुलं त्या घरात लहानाची मोठी झाली, आणि त्यांच्या आईनं त्या घराला घर म्हटलंच नव्हतं.

माझे डोळे उघडले ते आत्यामुळं, पण उशिरा उघडले. आत्याचं गाव किल्लारीच्या बाजूचं. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती बुडवून लोक झोपले होते, पहाटे चारच्या सुमारास ते गाव गेलं. त्या एका पहाटेनं लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली जवळपास आठ हजार माणसं नेली. आत्या वाचली, तिचा धाकटा वाचला. त्यांना पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं होतं. मी पंधरा दिवसांनी भेटायला गेले. शेडमधे ज्याला जशी जागा मिळाली तशी कुटुंबं राहत होती, गावातली जुनी आळीची मांडणी राहिली नव्हती. ज्यांच्या घरचं पाणी आत्या जन्मात प्यायली नसती, ती माणसं भिंतीला भिंत लावून, म्हणजे पत्र्याला पत्रा लावून. मी पोचले तेव्हा आत्या हातात वाटी घेऊन शेजारच्या शेडच्या दारात उभी होती. विरजण मागत होती. कुणीतरी दूध दिलं होतं, ते नासू नये एवढंच तिच्या मनात. त्या बाईनंही दिलं. पुढं सरकारनं नवी गावं वसवली, ‘जुनं किल्लारी’ आणि ‘नवं किल्लारी’ असं लोक बोलू लागले, आत्यालाही नव्या गावात घर मिळालं. तिला कायम जुन्या गावाची आठवण येत राहिली. वर्षातून एकदा ती जुन्या जागी जाऊन नारळ फोडून यायची. पण नव्या गावात राहायला तिनं सुरुवात केली ती त्या वाटीपासून. विरजण रोज लागतं, आणि ते दुकानातून आणायचं नसतं, शेजारून आणायचं असतं. मी मात्र इथं अकरा वर्षं कुणाच्या दारात वाटी घेऊन गेले नव्हते.

म्हणून तुला सांगते, घर विकत घेणं आणि एखाद्या ठिकाणी राहायला लागणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि तू त्यांचा क्रम उलटा लावतो आहेस. तुला वाटतं प्लॉट घेतला की आपण इथले होऊ. प्लॉट घेऊनही लोक वर्षानुवर्षं उपरे राहतात. आधी भाड्याच्या घरातच इथला हो. एक वर्ष दे त्याला. काय करायचं ते अगदी बारीक सांगते.

पहिली गोष्ट भाडेकरार. तुझा करार तोंडी असेल किंवा नोटरीचा असेल, मला खात्री आहे. घरमालकाला समजावून तो नोंदणीकृत करून घे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं तो नोंदवायलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. ऑनलाइन होतो, थोडा खर्च येतो, तो अर्धा तू सोस. मालक का-कू करत असेल तर दुसरी खोली बघ. हा कागद कशाला? मुलीला पहिलीत घालायची आहे. तुम्ही खासगी शाळेतल्या शिक्षण हक्काच्या पंचवीस टक्के राखीव जागांत बसत असाल तर भाडेकरूला पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करारच लागतो, तोही अर्ज भरायच्या आधीचा. ऐनवेळी धावाधाव करणारे बाप मी दरवर्षी बघते. आणि त्यात बसत नसाल तर आजूबाजूची जिल्हा परिषदेची शाळा स्वतः जाऊन बघ. पाटी न वाचता वर्गात डोकाव. शिक्षक मुलांना नावानं हाक मारतात का, एवढं बघितलंस तरी पुष्कळ कळेल. मुलगी शाळेत गेली की तुझीही ओळख होते, ‘अमकीचे पप्पा’ म्हणून का होईना.

दुसरी गोष्ट मतदार यादी. तुझं नाव अजून गावच्याच यादीत असणार. आठ नंबरचा फॉर्म भरून ते इथं आणता येतं. पुष्कळ जण हे करत नाहीत, कारण गावच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत भाऊबंदकीचं मत मोजलेलं असतं. पण तुझ्या नळाला पाणी कधी येतं, गल्लीत गटार होतं की नाही, हे जिथं ठरतं तिथं तुझं मत नाही, आणि जिथं मत आहे तिथं तू राहत नाहीस. नाव हलवण्याआधी अण्णांना सांग मात्र. दुसऱ्याकडून कळलं तर त्यांना लागेल. रेशनचं असं काही करावं लागत नाही. गावच्या कार्डावर अंगठा लावून इथल्या दुकानातूनही धान्य उचलता येतं.

तिसरं, ठेकेदाराकडच्या पाच वर्षांचा पीएफ. ठेकेदार बदलला की नवा नंबर, असं झालं असेल तर सगळी खाती एका यूएएनखाली, म्हणजे पीएफच्या एकाच कायमच्या नंबराखाली, आली आहेत का ते तपास. कुणी पैसे कापून भरलेच नसतील तर तेही आत्ताच कळेल. घर घ्यायची वेळ येईल तेव्हा हाच पैसा हाताशी असेल. अण्णांना ज्याची भीती वाटते, म्हणजे ‘उद्या नाही’, त्यासाठी सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत बाजूला पडलेला असू दे. त्या ठेवीची पावती अण्णांना दाखव. शब्दांनी त्यांची समजूत पटणार नाही, कागद बघून कदाचित पटेल.

आणि पाणी. आमच्या संभाजीनगरात माणूस आधी पाण्याचा वार विचारतो, मग बाकीचं. मलिक अंबरनं खडकी, म्हणजे हेच शहर, वसवलं तेव्हा त्याला नहर-ए-अंबरी खोदून पाणी आणावं लागलं होतं. चारशे वर्षं झाली, आम्ही अजून तोच हिशेब करतो. पैठणचं धरण पन्नासेक किलोमीटरवर, आणि नळाला पाणी कधी पाच दिवसांनी, कधी आठ दिवसांनी. त्यामुळं उद्या कुठंही घर बघायला गेलास, भाड्याचं असो की विकतचं, तर दाखवणाऱ्या माणसाला पाण्याचं विचारू नकोस. नळावर उभ्या असलेल्या बाईला विचार. किती दिवसांनी येतं, किती वाजता येतं, किती हंडे होतात, एप्रिलमध्ये बोअर आटतं का, टँकर कितीला पडतो. तिचं उत्तर ऐकून मग घराचं छत बघ.

आता महालक्ष्म्या. मला पत्रातली हीच गोष्ट सगळ्यात नाजूक वाटली, कारण प्लॉटचा निर्णय चुकला तर पैसा जातो, आणि इथं माणसं दुखावतात. आपल्याकडं महालक्ष्म्या कुठं बसतात यावरून घर कुठं आहे ते ठरतं. भाऊ वेगळे झाले तरी पुष्कळ घरांत महालक्ष्म्या एकाच ठिकाणी बसतात, आणि ज्या वर्षी त्याही वेगळ्या होतात त्या वर्षी गाव म्हणतो, आता हे घर फुटलं. मायनं फोन उचलला नाही तो यासाठी. तिला वाटलं असेल की मुखवटे नेले म्हणजे लेक गेला. कदाचित त्या मुखवट्यांना ती लग्न होऊन आल्यापासून साडी नेसवत आली असेल. तिच्या सासूनं दिलेलं ते काम आहे, ते अजून तिच्या हातून सुटायची वेळ आलेली नाही.

पण तुझी बायकोही खोटं बोलत नाही. ती आठ-दहा माणसांचा स्वयंपाक, आंबील, सोळा भाज्या, पुरण सगळं जाऊन करून येते, आणि तरी ते सगळं सासूचं असतं. तिला तिच्या स्वतःच्या घरात काहीतरी बसवायचं आहे. ही भूक खरी आहे आणि तिला नाही म्हणू नकोस. मला वाटतं, या वर्षी असं करा. गणपती रांजणगावात बसवा, दीड दिवसाचा. आरतीला गल्ली बोलवा, आणि प्रसादाचे मोदक करायचे की खोबऱ्याची खिरापत वाटायची ते सर्वस्वी ती ठरवेल. विसर्जन झालं की तुम्ही तिघं गावी जा, आणि महालक्ष्म्यांचे तिन्ही दिवस, आवाहन ते विसर्जन, मायजवळ राहा. रजा आत्ताच टाक, कारण तुझ्या लाइनवर त्या आठवड्यात सगळ्यांनाच सुट्टी हवी असणार. संक्रांतीचं हळदी-कुंकू मात्र तुमच्या इथल्या घरी व्हावं, आणि त्याला मायनं यावं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, अण्णांना पासष्ट पूर्ण असतील तर त्यांनाही. हरभरा शेतात उभा असतो तेव्हा चार दिवस घर सोडता येतं. सुनेच्या दारात येऊन वाण घेणाऱ्या बायका मायनं स्वतःच्या डोळ्यांनी बघू देत. आजवर तिनं तुझं रांजणगाव फोनवरच ऐकलंय. तिच्या मनात तिथं एक कंपनी आहे आणि त्यात तिचा पोरगा आहे, एवढंच चित्र असणार.

कधीतरी माय स्वतःहून म्हणेल, सूनबाई, आता माझ्यानं होत नाही, घेऊन जा. त्या दिवशी मुखवटे घेऊन या. तोवर दोन्हीकडं सण असू दे.

आणि विकतचं घर? एक वर्ष असं राहिल्यावर बघ. प्लॉटपेक्षा मी तुला लहानसा फ्लॅट किंवा मंजूर ले-आउटमधलं रो-हाउस सांगेन, ज्यावर बँक कर्ज देते. बँक कागद तपासते, ती एक चाळणी फुकट मिळते. नवा प्रकल्प असेल तर महारेराचा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर माग आणि तो त्यांच्या वेबसाइटवर स्वतः टाकून बघ. जुनं घर असेल तर वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढ, त्याचे पैसे वाचवायला जाऊ नकोस. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलंस तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. सवलत नसती तरी मी तुला तेच सांगितलं असतं. तुमच्या दोघांत ती आधी इथली झाली आहे. हप्ता मात्र हातात पडणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नकोस. ओव्हरटाइम धरून हिशेब करू नकोस, ओव्हरटाइम कंपनीच्या ऑर्डरवर चालतो.

मी नेमका कुठला, असं तू विचारलंस. मला सदतीस-अडतीस वर्षं होत आली या शहरात, आणि कुणी विचारलं तर मी अजून म्हणते, ‘आम्ही औशाकडचे, सिडकोत राहतो.’ दोन्ही एका दमात येतं. पूर्वी पहिलं म्हणताना गळा दाटायचा आणि दुसरं म्हणताना काहीतरी चोरल्यासारखं वाटायचं. आता तसं होत नाही. तूही म्हणून बघ, ‘जिंतूरचा आहे, रांजणगावात राहतो.’ सुरुवातीला जड जाईल.

येत्या सुट्टीला जिंतूरची गाडी धरू नकोस. सकाळी मुलीला घेऊन शाळा बघायला जा, बायकोही बरोबर असू दे. दुपारी घरमालकाकडं जाऊन कराराचं बोल. संध्याकाळी बायकोच्या हातातली वाटी तू घे आणि विरजण आणायला जा. कुठल्या घरी जायचं ते ती सांगेल. रात्री मायला फोन कर. तिनं उचलला तर आधी गणपतीचं आणि तीन दिवसांच्या रजेचं सांग, प्लॉटचं नाही. अण्णांना सांग की पोळ्याला येतो, आणि ताईलाही मंठ्याहून बोलावून घ्या, जमिनीचं सगळ्यांनी मिळून बसून बोलू.